उच्च माध्यमिक स्तरावरील क्रीडाक्षमता प्रशिक्षण

उच्च माध्यमिक स्तरावरील क्रीडाक्षमता प्रशिक्षण म्हणजे इयत्ता ११ वी व १२ वीच्या, म्हणजे साधारणतः १६ ते १८ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांना ताकद, दमदारपणा, वेग, चपळता, लवचिकता आणि समन्वय हे घटक पद्धतशीरपणे विकसित करण्याचे दिले जाणारे शिक्षण होय. यात प्रत्यक्ष व्यायामाबरोबरच त्यामागील तत्त्वे, नियोजन, नोंदी, आहार, विश्रांती व दुखापतीपासून बचाव यांचाही समावेश होतो. महाराष्ट्रात हे प्रशिक्षण कनिष्ठ महाविद्यालये, क्रीडा प्रबोधिन्या, तालमी, क्रीडा मंडळे आणि पोलीस व सैन्य भरतीची तयारी करून घेणारी केंद्रे अशा वेगवेगळ्या ठिकाणी चालते. शालेय स्पर्धांचा १९ वर्षांखालील गट, बारावीची परीक्षा आणि भरतीचे किमान वय हे तिन्ही टप्पे याच दोन-तीन वर्षांत येतात. त्यामुळे शरीराच्या वाढीचा वेग आणि तत्काळ निकालाची अपेक्षा यांचा मेळ घालणे हा या प्रशिक्षणातील मध्यवर्ती प्रश्न ठरतो.

संकल्पना

शारीरिक शिक्षण आणि क्रीडाक्षमता प्रशिक्षण या संबंधित पण भिन्न संकल्पना आहेत. शारीरिक शिक्षणाचा उद्देश सर्व विद्यार्थ्यांना हालचालीची, खेळाची व आरोग्याची सवय लावणे हा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षे वयोगटातील मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी. क्रीडाक्षमता प्रशिक्षणात त्यापुढे जाऊन एखादे मोजता येण्याजोगे उद्दिष्ट ठरवले जाते, उदाहरणार्थ १०० मीटर धावण्याची वेळ कमी करणे, कबड्डीतील चढाईसाठी पायांची स्फोटक ताकद वाढवणे किंवा सामन्याच्या शेवटच्या मिनिटापर्यंत दम टिकवणे. मग त्या उद्दिष्टाच्या अनुषंगाने व्यायामाचा प्रकार, प्रमाण व क्रम निश्चित केला जातो.

या स्तरावर विद्यार्थ्याला केवळ व्यायाम 'करायला लावणे' पुरेसे मानले जात नाही. बारावीनंतर बहुतेक विद्यार्थी शिक्षकाच्या देखरेखीबाहेर जातात. त्यामुळे स्वतःचे प्रशिक्षण समजून घेणे, भार मोजणे आणि कधी थांबावे हे ओळखणे ही कौशल्ये शिकवणे हा प्रशिक्षणाचाच भाग समजला जातो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात किशोर व तरुणांच्या शरीरसंवर्धनाची परंपरा तालीम व आखाड्यांपासून सुरू होते. जोर, बैठका, मुद्गल, लेझीम, कुस्ती व मल्लखांब हे तिचे मुख्य घटक होत. मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले बाळंभटदादा देवधर यांना दिले जाते. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा सामूहिक व्यायाम म्हणून प्रसार केला. अमरावती येथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ साली, तर पुण्यातील महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना १९२४ साली झाली. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना प्रशिक्षण देणारी शासकीय संस्था १९३८ साली कांदिवली येथे सुरू झाली. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली दहा खंडांत प्रसिद्ध झालेला व्यायामज्ञानकोश हा या परंपरेतील ज्ञानाचा मोठा संग्रह आहे.

आधुनिक प्रशिक्षणशास्त्राची मांडणी मुख्यतः विसाव्या शतकात युरोप व अमेरिकेत झाली. स्वीडनमध्ये गोस्टा होल्मेर यांनी १९३० च्या दशकात फार्टलेक ही पद्धत विकसित केली. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात मॉर्गन व ॲडमसन यांनी १९५० च्या दशकात सर्किट प्रशिक्षण मांडले, तर सोव्हिएत संघातील लेव मात्वेयेव यांनी १९६० च्या दशकात वार्षिक प्रशिक्षणाच्या कालखंडीकरणाची सूत्रबद्ध मांडणी केली. भारतात या ज्ञानाचा प्रसार प्रामुख्याने १९६१ साली पतियाळा येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून प्रशिक्षित झालेल्या मार्गदर्शकांमार्फत झाला.

महाराष्ट्रातील रचना

अभ्यासक्रम

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या इयत्ता ११ वी व १२ वीच्या अभ्यासक्रमात 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' हा विषय अनिवार्य असून त्याचे मूल्यमापन श्रेणी पद्धतीने होते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या शाळांत 'शारीरिक शिक्षण' हा ऐच्छिक विषय आहे. त्यात लेखी भागासाठी ७० व प्रात्यक्षिकासाठी ३० गुण असतात. ताकद, दमदारपणा, वेग, लवचिकता व समन्वय यांच्या विकासाच्या पद्धती त्याच्या अभ्यासक्रमात समाविष्ट आहेत.

स्पर्धा व सवलती

शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील अशा तीन वयोगटांत होतात. कनिष्ठ महाविद्यालयीन विद्यार्थी प्रामुख्याने तिसऱ्या गटात खेळतात. तालुका वा महानगरपालिका, जिल्हा, विभाग व राज्य असे टप्पे पार करून खेळाडू राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचतो. पात्र खेळाडूंना दहावी व बारावीच्या परीक्षेत स्पर्धेच्या स्तरानुसार सवलतीचे गुण मिळतात. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे.

२०१८ साली दिल्ली येथे 'खेलो इंडिया' शालेय स्पर्धा प्रथम भरवण्यात आल्या. पुढे त्यांचे युवा क्रीडा स्पर्धांत रूपांतर झाले. २०१९ साली पुण्यातील बालेवाडी येथे आणि २०२० साली गुवाहाटी येथे झालेल्या स्पर्धांत महाराष्ट्राने सर्वसाधारण विजेतेपद मिळवले. त्यानंतर मध्य प्रदेश (२०२३), तामिळनाडू (२०२४) व बिहार (२०२५) येथील स्पर्धांतही राज्य प्रथम क्रमांकावर राहिले.

क्रीडा प्रबोधिनी

राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी ही निवासी योजना १९९६ साली सुरू झाली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल हे तिचे मुख्य केंद्र असून राज्यात इतरत्रही प्रबोधिन्या आहेत. येथे मुलांची निवड शालेय वयातच चाचण्यांद्वारे होते. निवास, शिक्षण, आहार व प्रशिक्षण एकाच छताखाली असल्याने अकरावी-बारावीतील खेळाडूचा दिनक्रम सामान्य महाविद्यालयातील विद्यार्थ्यापेक्षा अधिक नियंत्रित असतो.

भरतीपूर्व प्रशिक्षण

ग्रामीण व निमशहरी भागात या वयोगटातील प्रशिक्षणाचा मोठा हिस्सा पोलीस व सैन्य भरतीच्या तयारीशी निगडित आहे. महाराष्ट्र पोलीस शिपाई पदाच्या अलीकडील भरती प्रक्रियांत शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. पुरुषांसाठी १६०० मीटर धावणे (२० गुण), १०० मीटर धावणे (१५ गुण) व गोळाफेक (१५ गुण), तर महिलांसाठी ८०० मीटर धावणे (२० गुण), १०० मीटर धावणे (१५ गुण) व गोळाफेक (१५ गुण) असे प्रकार असतात. उमेदवार बारावी उत्तीर्ण व किमान १८ वर्षे वयाचा असावा लागतो. त्यामुळे तयारी प्रत्यक्षात सतराव्या किंवा त्याआधीच्या वर्षी सुरू होते.

भरतीतील गोळ्याचे वजन पुरुषांसाठी ७.२६० किलोग्रॅम व महिलांसाठी ४ किलोग्रॅम असते. ॲथलेटिक्समध्ये १८ वर्षांखालील मुलांसाठी मात्र ५ किलोग्रॅम व मुलींसाठी ३ किलोग्रॅम वजनाचा गोळा वापरला जातो. २० वर्षांखालील पुरुष गटात तो ६ किलोग्रॅमचा असतो. ही चढती श्रेणी वाढीच्या टप्प्यांनुसार आखलेली आहे. अकरावीतील विद्यार्थ्याने सुरुवातीपासून प्रौढांच्या वजनाचा गोळा टाकल्यास फेकण्याचे तंत्र बिघडते. खांदा, मनगट व कंबर यांवरही अनावश्यक ताण येतो. म्हणून हलक्या गोळ्याने तंत्र पक्के करून टप्प्याटप्प्याने वजन वाढवणे योग्य समजले जाते.

वय, वाढ व परिपक्वता

उंची सर्वाधिक वेगाने वाढण्याचा काळ मुलींमध्ये सरासरी १२ व्या, तर मुलांमध्ये सरासरी १४ व्या वर्षाच्या आसपास येतो. अकरावीत प्रवेश घेणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांचा हा टप्पा उलटून गेलेला असतो. तथापि जन्मवर्ष एकच असलेल्या दोन मुलांच्या जैविक वयात लक्षणीय अंतर असू शकते. उशिरा वयात येणारा मुलगा सोळाव्या वर्षीही वेगाने वाढत असू शकतो आणि त्याच्या हाडांच्या वाढपट्ट्या पूर्णपणे बंद झालेल्या नसतात.

याचा परिणाम निवडीवर होतो. लवकर परिपक्व झालेला विद्यार्थी उंची व स्नायूंच्या बळावर पुढे दिसतो. त्यामुळे निवड चाचणीत त्याला प्राधान्य मिळते आणि उशिरा वाढणारा गुणवान खेळाडू मागे पडतो. हे टाळण्यासाठी एका चाचणीच्या निकालाऐवजी वर्षभरातील प्रगती पाहावी, तसेच दर तीन महिन्यांनी उंची व वजनाची नोंद ठेवावी, अशी शिफारस केली जाते.

वजन उचलल्याने उंची खुंटते हा समज महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. त्यास शास्त्रीय पुरावा नाही. युवकांच्या ताकद प्रशिक्षणावर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय सहमती निवेदनानुसार पात्र मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, योग्य तंत्राने व क्रमाक्रमाने केलेले ताकद प्रशिक्षण किशोरांसाठी सुरक्षित व हितकारक आहे. दुखापती प्रामुख्याने देखरेखीचा अभाव, चुकीचे तंत्र व झेपेल त्यापेक्षा अधिक वजन यांमुळे होतात.

प्रशिक्षणाची मूलतत्त्वे

- अतिभार : शरीराला सवयीपेक्षा किंचित अधिक काम दिल्यासच ते जुळवून घेते. सवयीइतकेच काम दिल्यास क्षमता टिकते, पण वाढत नाही.
- क्रमिक वाढ : भार हळूहळू वाढवावा लागतो. स्नायू तुलनेने लवकर सशक्त होतात. कंडरा, अस्थिबंध व हाडे यांना अधिक वेळ लागतो. आठवड्याभरात धावण्याचे अंतर दुप्पट केल्यावर नडगी दुखू लागते, त्याचे कारण हेच आहे.
- विशिष्टता : शरीर ज्या प्रकारचे काम करते त्याच प्रकारे सुधारते. लांब अंतर सावकाश धावल्याने दम वाढतो, परंतु १०० मीटरची वेळ त्यामुळे फारशी सुधारत नाही.
- व्यक्तिभिन्नता : एकच कार्यक्रम संपूर्ण तुकडीला सारखा लागू पडत नाही.
- प्रत्यावर्तन : प्रशिक्षण थांबल्यास मिळवलेली क्षमता ओसरते. दमदारपणा काही आठवड्यांतच घटू लागतो, तर ताकद तुलनेने अधिक काळ टिकते.
- पुनर्भरण : व्यायामाच्या वेळी क्षमता तात्पुरती घटते. पुरेशी विश्रांती व आहार मिळाल्यावर ती पूर्वपदावर येऊन थोडी वर जाते. पुढील सत्र या वाढीच्या काळात घेतल्यास प्रगती होते. थकवा उतरण्याआधीच वारंवार सत्रे घेतल्यास कामगिरी घसरत जाते.

घटक व पद्धती

ताकद

नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी स्वतःच्या शरीराच्या वजनावरील व्यायाम पुरेसे असतात. जोर, बैठका, पुल-अप, पुढे पाऊल टाकून बसणे व पोटाच्या स्नायूंसाठी स्थिर धारण यांचा त्यात समावेश होतो. पारंपरिक जोर-बैठकांचा भर पुनरावृत्तींच्या मोठ्या संख्येवर असल्याने त्यांतून मुख्यतः स्नायूंचा दमदारपणा वाढतो. कमाल ताकदीसाठी कमी पुनरावृत्ती व अधिक भार आवश्यक असतो. तंत्र आत्मसात झाल्यावर आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, लागोपाठ दिवस टाळून, ८ ते १२ पुनरावृत्तींचे दोन-तीन संच घेतले जातात. तंत्र बिघडू लागताच संच थांबवणे हा नियम विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच शिकवला जातो.

दमदारपणा

सलग धावणे, फार्टलेक व मध्यांतर प्रशिक्षण या तीन प्रमुख पद्धती आहेत. सलग धावण्यात बोलता येईल इतक्या गतीने २० ते ४० मिनिटे धावले जाते. फार्टलेकमध्ये भूभागानुसार व इच्छेनुसार गती कमी-जास्त केली जाते. टेकडी, शेताचा बांध वा समुद्रकिनारा असलेल्या भागात ही पद्धत सोयीची असते. मध्यांतर प्रशिक्षणात ठरावीक अंतर वेगाने धावून मध्ये ठरावीक विश्रांती घेतली जाते. हृदयगतीच्या कमाल मर्यादेचा अंदाज २२० वजा वय या सूत्राने बांधला जातो. त्यानुसार १७ वर्षांच्या विद्यार्थ्याची कमाल हृदयगती मिनिटाला सुमारे २०३ येते. हा अंदाज व्यक्तीनुसार दहा-बारा ठोक्यांनी चुकू शकतो.

८०० व १६०० मीटर या अंतरांत लागणारी निम्म्याहून अधिक ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्याने निर्माण होते. त्यामुळे दररोज पूर्ण वेगाने तेच अंतर धावून वेळ नोंदवण्याची पद्धत अपुरी ठरते. सावकाश धावण्याने घडवलेला पाया हा वेळ सुधारण्याचा अधिक टिकाऊ मार्ग आहे.

वेग व चपळता

वेगाचा सराव शरीर ताजेतवाने असताना, सत्राच्या प्रारंभी घेतला जातो. २० ते ६० मीटरच्या धावा व प्रत्येक धावेनंतर दोन-तीन मिनिटांची विश्रांती असे त्याचे स्वरूप असते. विश्रांती कमी केल्यास तो वेगाचा सराव न राहता दमाचा होतो. खो-खो व कबड्डी या खेळांत दिशाबदल, अचानक थांबणे व खाली वाकून हालचाल करणे यांना महत्त्व असल्याने चपळतेचा सराव खेळाच्या हालचालींशी जोडून घेतला जातो. उड्यांचे व्यायाम सुरू करण्यापूर्वी दोन्ही पायांवर गुडघे न आत वळवता, मऊपणे उतरण्याचे तंत्र शिकवणे आवश्यक असते.

लवचिकता

सत्रापूर्वी हालचालींसह ताण देणारे उत्तेजक व्यायाम, तर सत्रानंतर स्थिर ताणाचे शिथिलीकरण व्यायाम घेतले जातात. वेगाच्या किंवा उडीच्या सरावापूर्वी एकाच स्थितीत दीर्घकाळ ताण देऊन राहिल्यास स्फोटक ताकद तात्पुरती कमी होते.

वार्षिक नियोजन

कालखंडीकरणात वर्षाचे तयारीचा, स्पर्धेचा व संक्रमणाचा असे कालखंड पाडले जातात. महाराष्ट्रातील कनिष्ठ महाविद्यालयांत हे नियोजन पावसाळा, स्पर्धांचे वेळापत्रक व परीक्षा या तीन बाबींवर अवलंबून असते. जून-जुलैमध्ये शैक्षणिक वर्ष सुरू होते तेव्हा मैदाने चिखलाने भरलेली असतात. पावसाळ्यातच स्पर्धांचे प्राथमिक टप्पे सुरू होतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची परीक्षा येते. परिणामी तयारीचा काळ अपुरा पडतो.

यावर उपाय म्हणून अकरावीची परीक्षा संपल्यानंतरचा एप्रिल-मे हा काळ सामान्य तयारीसाठी वापरला जातो. उन्हामुळे सत्रे पहाटे किंवा सूर्यास्तानंतर घेतली जातात. पावसाळ्यात ताकद, उड्या व तंत्र यांवर छताखाली भर दिला जातो. बारावीच्या परीक्षेपूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत प्रशिक्षण पूर्ण बंद करण्याची प्रथा आहे. त्याऐवजी आठवड्यातून दोन किंवा तीन छोटी सत्रे ठेवल्यास क्षमता बऱ्याच अंशी टिकून राहते.

तयारीच्या काळातील एका आठवड्याची नमुना आखणी पुढीलप्रमाणे करता येते :

- सोमवार : संपूर्ण शरीराची ताकद, ५० ते ६० मिनिटे
- मंगळवार : सावकाश सलग धाव ३० मिनिटे, लवचिकता
- बुधवार : छोट्या अंतराच्या वेगवान धावा, खेळातील कौशल्ये
- गुरुवार : विश्रांती
- शुक्रवार : संपूर्ण शरीराची ताकद, उतरण्याचे तंत्र
- शनिवार : फार्टलेक किंवा सराव सामना
- रविवार : विश्रांती

किशोर खेळाडूच्या संघटित प्रशिक्षणाचे साप्ताहिक तास त्याच्या वयाच्या वर्षांपेक्षा अधिक नसावेत, असा एक स्थूल निकष क्रीडावैद्यकात वापरला जातो. एकच विद्यार्थी महाविद्यालयाचा संघ, गावातील मंडळ व खासगी केंद्र अशा तीन ठिकाणी सराव करत असल्यास एकूण भार कोणत्याही एका मार्गदर्शकाच्या लक्षात येत नाही. अशा वेळी विद्यार्थ्याची स्वतःची नोंदवही उपयोगी ठरते.

अध्यापन पद्धती

कौशल्य शिकवताना प्रात्यक्षिक, भागशः सराव, पूर्ण सराव व प्रत्याभरण असा क्रम वापरला जातो. एका वेळी एकच सूचना दिल्यास ती अधिक परिणामकारक ठरते. सुमारे ५० विद्यार्थ्यांच्या वर्गात सर्वांना एकाच वेळी रांगेत उभे केल्यास प्रत्यक्ष हालचालीचा वेळ कमी होतो. म्हणून सर्किट पद्धतीने सहा ते दहा स्थानके मांडून छोटे गट फिरवले जातात. जोडीने काम करताना एक विद्यार्थी व्यायाम करतो व दुसरा ठरावीक निकषांनुसार निरीक्षण करतो. यामुळे तंत्र पाहण्याची नजर दोघांनाही मिळते.

भार मोजण्यासाठी खर्चिक उपकरणांची गरज नसते. सत्र संपल्यावर विद्यार्थ्याने श्रमाची जाणीव ० ते १० या श्रेणीत सांगावी व तो आकडा सत्राच्या मिनिटांनी गुणावा, ही पद्धत प्रचलित आहे. ६० मिनिटांच्या सत्राला ६ हा आकडा दिल्यास त्या दिवसाचा भार ३६० येतो. या नोंदीसोबत झोपेचे तास, सकाळची नाडी व दुखणारा भाग लिहिल्यास थकवा साचत असल्याचे वेळीच लक्षात येते. विद्यार्थ्याने स्वतःच्या नोंदींवरून पुढील आठवड्याची आखणी करणे हा या स्तरावरील उपयुक्त स्वाध्याय मानला जातो.

चाचण्या

'खेलो इंडिया' शारीरिक क्षमता मूल्यमापनात इयत्ता ४ थी ते १२ वीसाठी देहभार निर्देशांक, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव वा चाल, बसून पुढे वाकणे, अर्धे उठणे व जोर यांचा समावेश आहे. याशिवाय कूपर यांची १२ मिनिटांची धाव (१९६८), २० मीटरची शटल धाव व उभ्याने लांब उडी या चाचण्या वापरल्या जातात. चाचणी वर्षातून तीन-चार वेळा, सारख्याच मैदानावर व सारख्याच वेळी घेतल्यास तुलना ग्राह्य ठरते. सर्वांसमक्ष क्रमवारी लावण्याऐवजी विद्यार्थ्याच्या मागील निकालाशी तुलना करणे हितावह समजले जाते.

आहार व झोप

१३ ते १८ वर्षे वयोगटासाठी ८ ते १० तासांच्या झोपेची शिफारस आहे. पहाटेचा सराव, दिवसभर महाविद्यालय व रात्री शिकवणी असा दिनक्रम असलेल्या विद्यार्थ्यांची झोप सर्वप्रथम कमी होते. अशा वेळी पहाटेची सत्रे घटवणे हा प्रशिक्षण नियोजनाचा भाग ठरतो.

नियमित प्रशिक्षण घेणाऱ्यांसाठी दर किलोग्रॅम वजनामागे दररोज १.२ ते २ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली जाते. डाळी, उसळी, शेंगदाणे, दूध, दही, अंडी व मासळी हे त्याचे सहज उपलब्ध स्रोत आहेत. भाकरी, पोळी व भात यांतील कर्बोदके सरावासाठी इंधन पुरवतात. उपाशीपोटी दीर्घ सराव टाळला जातो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण–५ (२०१९–२१) नुसार भारतातील १५ ते १९ वर्षे वयोगटातील ५९.१ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त होत्या. रक्तक्षयामुळे दमदारपणा थेट घटतो. म्हणून लवकर थकणाऱ्या विद्यार्थिनीचा सराव वाढवण्यापूर्वी हिमोग्लोबिनची तपासणी करणे आवश्यक असते. प्रशिक्षणकाळात मासिक पाळी अनियमित होणे वा थांबणे हे अपुऱ्या आहाराचे लक्षण असू शकते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या स्थितीचे वर्णन खेळातील सापेक्ष ऊर्जान्यूनता असे केले. तिचा परिणाम हाडांच्या बळकटीवर होतो व ती मुलांमध्येही आढळते.

सुरक्षितता

उष्णताजन्य विकार

उष्ण व दमट हवेत घाम सुकत नसल्याने शरीराचे तापमान वेगाने वाढते. उन्हाळ्यात शरीराला जुळवून घेण्यास १० ते १४ दिवस लागतात. या काळात सत्रे छोटी ठेवून पाणी व सावलीची सोय केली जाते. असंबद्ध बोलणे, तोल जाणे किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी तातडीने थंड पाण्याने शरीर गार करणे व रुग्णालयात हलवणे आवश्यक असते. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान काही उमेदवारांचे मृत्यू झाले. त्यानंतर अशा चाचण्यांची वेळ, अंतर व वैद्यकीय व्यवस्था यांविषयी राज्यात व्यापक चर्चा झाली. धावताना छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा कुटुंबात तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असणे या बाबी आढळल्यास वैद्यकीय तपासणीपूर्वी तीव्र सराव दिला जात नाही.

दुखापती

कबड्डी, फुटबॉल व बास्केटबॉलमध्ये गुडघ्याच्या आतील अस्थिबंधाची, धावण्यात नडगीची व मांडीच्या मागील स्नायूंची, तर क्रिकेटमधील वेगवान गोलंदाजांत कंबरेची दुखापत आढळते. उडी व दिशाबदल असलेल्या खेळांत गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या दुखापतीचे प्रमाण मुलींमध्ये अधिक असते. फुटबॉलसाठी तयार केलेल्या 'फिफा ११+' या सुमारे २० मिनिटांच्या उत्तेजक व्यायामक्रमाने दुखापती कमी होत असल्याचे दिसून आले आहे.

उत्तेजक द्रव्ये व बालसंरक्षण

राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा २०२२ साली संमत झाला. बाजारातील पूरक पावडरींत लेबलवर न छापलेले प्रतिबंधित घटक असू शकतात आणि नमुन्यात ते आढळल्यास जबाबदारी खेळाडूवर येते. या स्तरावरील बहुतेक विद्यार्थी १८ वर्षांखालील असल्याने त्यांना लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ लागू होतो. अपराधाची माहिती असलेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे या कायद्याने बंधनकारक आहे. एकट्याने दिले जाणारे प्रशिक्षण, प्रवास व निवास यांबाबत स्पष्ट नियम असणे व त्यांची माहिती पालकांना देणे अपेक्षित असते.

मैदानांची उपलब्धता

मुंबई महानगर प्रदेशाच्या सीमेवरील गावांत मोकळ्या जागेचा प्रश्न तीव्र आहे. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील कशेळी हे त्याचे एक उदाहरण होय. खाडीपुलाने ठाण्यातील बाळकुमशी जोडलेले हे गाव ठाणे–भिवंडी रस्त्यावर आहे. या पट्ट्यात गोदामे व निवासी इमारती वाढल्या असून रस्त्यावर अवजड वाहनांची वर्दळ असते. अशा ठिकाणी रस्त्याच्या कडेने धावण्याचा सराव अपघात व धूर या दोन्ही दृष्टींनी धोक्याचा ठरतो. कोकणातील दमट हवा व चार महिन्यांचा पाऊस यांचीही त्यात भर पडते.

मर्यादित जागेतही प्रशिक्षणाचा बराच भाग पूर्ण करता येतो. दोरीउड्या, जोर-बैठका, सूर्यनमस्कार, जिन्यावरील चढ-उतार व सर्किट यांसाठी शाळेचे आवार, इमारतीची गच्ची किंवा समाजमंदिराचे सभागृह पुरते. वेगाच्या सरावासाठी ५० ते ६० मीटरची सरळ, सपाट व वाहनमुक्त पट्टी आणि पुढे थांबण्यासाठी मोकळी जागा लागते. सलग धावण्यासाठी आठवड्यातून एक-दोन दिवस जवळच्या शहरातील मैदानावर जाणे हा पर्याय उरतो. मुलींच्या बाबतीत प्रकाशव्यवस्था, स्वच्छतागृह व येण्या-जाण्याची सुरक्षितता यांवर सहभाग अवलंबून असतो.

उल्लेखनीय उदाहरणे

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे याने २००९ साली क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश घेतला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. बीड जिल्ह्यातील मांडवा (ता. आष्टी) येथील अविनाश साबळे याने बारावीनंतर सैन्यात प्रवेश केला. संघटित ॲथलेटिक्सकडे तो त्यानंतर वळला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने रौप्यपदक, तर हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक पटकावले. पहिल्या उदाहरणात शालेय वयातील निवासी प्रशिक्षण, तर दुसऱ्यात बारावीनंतरची सुरुवात दिसते. अकरावी-बारावीच्या वयात स्पर्धात्मक यश नसणे हे क्षमतेचा अभाव दर्शवत नाही, हे दुसऱ्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

मर्यादा व टीका

सवलतीचे गुण व आरक्षण यांमुळे खेळाकडे विद्यार्थी आकृष्ट होतात. परंतु प्रमाणपत्र मिळताच सराव सोडण्याची प्रवृत्तीही त्यातून वाढते, अशी टीका होते. विज्ञान शाखेतील विद्यार्थी प्रवेश परीक्षांच्या तयारीमुळे बहुधा अकरावीतच खेळ सोडतात. दुसरीकडे भरतीच्या तयारीत दोन-तीन ठरावीक प्रकारांवरच भर राहिल्याने सर्वांगीण विकास व दुखापतीपासून बचाव हे विषय मागे पडतात. भरतीची जाहिरात आल्यावर दोन महिन्यांत तयारी पूर्ण करण्याचा प्रयत्न क्रमिक वाढीच्या तत्त्वाशी विसंगत आहे. अकरावीपासून आखलेल्या दोन वर्षांच्या कार्यक्रमातून तेच उद्दिष्ट कमी धोक्यात साध्य होऊ शकते.

हे सुद्धा पहा

- शारीरिक शिक्षण
- श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल
- खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धा
- सूर्यनमस्कार
- मल्लखांब
- कबड्डी
- कशेळी (भिवंडी)